कपडे पिळण्याच्या यंत्रातील सुधारणा

१३ जानेवारी १९०८

डॉक्टर म्हणाले, पोटाची तक्रार मुळापासून कळायला हवी असेल तर रोज वहीत लिहा: काय खाल्लं, किती वाजता खाल्लं आणि दिवस कसा गेला. "दिवस कशाला?" मी विचारलं. "तुमचं पोट दिवसावर चालतं," ते म्हणाले. म्हणून ही वही. आक्काने, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीने, तारखा छापलेली बांधीव वही आणून दिली आणि "उगाच रडगाणं लिहू नकोस" अशी ताकीदही दिली. घरात आम्ही दोघंच.

मी पेटंटाचं काम करणाऱ्या वकिलांकडे आरेखक आहे. लोक डोक्यात शोध घेऊन येतात, साहेब अर्ज लिहितात, मी आकृत्या काढतो. बावीस वर्षं झाली. आजचा शोध: मान लववली की आपोआप वर उचलली जाणारी टोपी. संशोधक ती घालूनच आले होते. साहेबांच्या प्रत्येक वाक्याला ते मान डोलवत होते, त्यामुळे टोपी सारखी वरखाली होत होती. फार नाजूक काम आहे. मन लावून काढीन.

पोट: दुपारी जळजळ.

१६ जानेवारी

आज कोंबड्यांसाठी चष्मे. एकमेकींचे डोळे टोचू नयेत म्हणून. साहेबांना यंत्रातलं ओ की ठो कळत नाही, पण समजल्यासारखा चेहरा करण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही.

पोट: जळजळ, शिवाय गुरगुर.

२१ जानेवारी

एक बाई आल्या. मागच्या गल्लीत त्यांची लाँड्री आहे. नवरा वारल्यापासून त्या आणि त्यांची धाकटी बहीण मिळून चालवतात. त्यांनी माझ्या टेबलावर, ओल्या शाईपासून चार बोटांवर, एक खोका आदळला. खोक्यात दोन लाटणी एकावर एक बसवलेली, दोन्ही टोकांना स्प्रिंगा, आणि पुढच्या बाजूला एक आडवी फळी.

"हे काय?"

"कपडे पिळायचं यंत्र. लाटणी घरची आहेत, जपून. परत लागतील."

मग त्यांनी समजावलं. लाँड्रीत ओले कपडे दोन रुळांच्या मधून काढतात. रूळ इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतात आणि इंजिन असतं शेजारच्या खोलीत. कपड्याबरोबर हात आत गेला तर रूळ थांबत नाहीत. दोन वर्षांपूर्वी धाकटीचा हात असाच गेला. कोणीतरी धावत जाऊन इंजिन बंद करेपर्यंत तिची दोन बोटं गेली होती.

मी म्हटलं, "मग बाजूला एक दांडा लावा. दुसऱ्या हाताने ओढायचा, की वरचा रूळ उचलला जाईल."

"तुमचा हात कधी अडकलाय?"

"नाही."

"दिसतंच आहे. दुसरा हात पहिल्याला ओढत बसतो हो. दांडा-बिंडा कुणाला आठवत नाही." त्यांनी फळीवर टिचकी मारली. "यंत्र माणसाला आत ओढतं ना? ओढू दे. ओढलं की माणूस पुढे झुकतो. छाती या फळीवर आपटली की खिट्टी सुटते आणि वरचा रूळ उडतो. घाला बोट."

"बाई, माझं पोट या हातावर आहे."

"माझंही. घाला."

मी डाव्या हाताचं सगळ्यात कमी लागणारं बोट घातलं. त्यांनी लाटण्याच्या टोकाची मूठ फिरवली, मी ओढला गेलो, फळीवर आदळलो आणि लाटणं टणकन उडालं. बोट शाबूत. दुपारभर मी मधूनमधून ते पाहत होतो.

शोध बरा आहे. पण टोपीची नजाकत यात नाही. मागणीही फारशी नसावी असं माझं मत.

पोट: ठीक. आश्चर्य आहे.

२७ जानेवारी

खऱ्या यंत्राची मापं घ्यायला लाँड्रीत गेलो. आत इतकी वाफ की चष्मा दर मिनिटाला पुसावा लागतो. सगळी मापं व्यवस्थित घेतली. फक्त बाईंच्या कपाळावर वाफेने एक बट चिकटली होती, त्यामुळे खिट्टीमागचा स्क्रू किती लांब ते विचारायचं राहिलं. उद्या जावं लागणार.

पोट: ठीक.

२८ जानेवारी

स्क्रू अर्धा इंच. आता फळीची जाडी पुन्हा बघायला हवी.

३१ जानेवारी

धाकटी इस्त्री करता करता म्हणाली, "काय पट्टीवाले, तुमच्या पट्टीला रोज वेगळी मापं दिसतात वाटतं?"

मी तिला समजावलं की वाफेने लाकूड फुगतं, तेव्हा निरनिराळ्या वेळी माप घेणं हीच शास्त्रशुद्ध पद्धत. दोघी बहिणी एकदम पाठमोऱ्या झाल्या. बहुधा वाफेचा ठसका लागला असावा. तिथली हवा चांगली नाही. खिडकी मोठी करायला सांगितली पाहिजे.

१२ फेब्रुवारी

आकृत्या पूर्ण. तिसऱ्या आकृतीत रुळांमध्ये अडकणारा हात दाखवला आहे. हात बाईंचाच काढला, समोर होता म्हणून. साहेब बराच वेळ कागद न्याहाळत होते. म्हणाले, "हात उत्तम. यंत्र कुठंय?"

यंत्र जरा मोठं करून पुन्हा काढलं.

२० फेब्रुवारी

आजचा दिवस अभिमानाचा. साहेबांचे जुने पक्षकार, पिळण्याची यंत्रं बनवणारे मोठे कारखानदार, कचेरीत आले होते. साहेब यायला वेळ होता, म्हणून ते माझ्या टेबलाशी आले. कारखानदार सज्जन माणूस आहेत. बावीस वर्षांत माझ्या आकृतीतल्या छायेच्या रेघांची तारीफ करणारे पहिलेच. बाईंची आकृती समोरच होती. "काय सुरेख रेघ!" म्हणाले, आणि ही फळी कशाला, खिट्टी कशी सुटते, सगळं आस्थेने विचारलं. मीही हातचं न राखता सांगितलं. शेवटी ज्याला कळतं त्यालाच कळतं. जाताना त्यांनी शर्टाच्या कफवर पेन्सिलीने काही टिपून घेतलं. माझी छायेची पद्धत असावी.

पोट: उत्तम. दोनदा वाढून घेतलं.

२६ फेब्रुवारी

बाईंचा अर्ज दाखल व्हायचा अजून बाकी आहे. साहेब म्हणाले, घाई नाही, आणि कागद हरवू नयेत म्हणून त्यांनी ते स्वतःच्या कपाटात कुलूप लावून ठेवले. एवढी काळजी ते टोपीचीही घेत नाहीत. कारखानदारांचाही एक अर्ज चालू आहे, पण त्याच्या आकृत्या साहेब बाहेरून काढून घेताहेत. मला जरा लागलं. मग वाटलं, माझ्यावरचा भार हलका करायचा त्यांचा विचार असणार.

१८ मार्च

बाईंचा अर्ज एकदाचा गेला. ही बातमी देण्यासाठी लाँड्रीत गेलो. चिठ्ठीनेही कळवता आलं असतं, पण चिठ्ठ्या हरवतात.

बाईंनी विचारलं, "आता मापं घ्यायचं काम संपलं?"

मी म्हटलं, संपलं.

त्या म्हणाल्या, "हं." मग, "इंजिनाचा पट्टा सैल झालाय. तुम्हाला त्यातलं काही कळतं का?"

मला अजिबात कळत नाही. तरी हो म्हटलं. उद्यापासून बघतो.

पोट: ही नोंद आता ठेवायची गरज आहे का, डॉक्टरांना विचारलं पाहिजे.

१५ जून

पेटंट कचेरीचं पत्रक आलं. मंजुरीला निघालेले अर्ज त्यात छापतात. कोणाची हरकत असेल तर ठरलेल्या मुदतीत कळवायची. टोपी मंजूर. चष्मे मंजूर. त्याखाली 'कपडे पिळण्याच्या यंत्रातील सुधारणा, छातीच्या दाबाने सुटणाऱ्या खिट्टीसह'. मला इतका आनंद झाला की मी उभा राहिलो. मग नाव वाचलं.

नाव कारखानदारांचं. दाखल तारीख ४ मार्च. बाईंच्या चौदा दिवस आधी.

मी पहिल्यांदा या वहीची पानं मागे उलटली. २० फेब्रुवारी वाचलं. पुन्हा वाचलं. सहावी-सातवीतल्या पोराला कळलं असतं ते मला चार महिने कळलं नाही. त्या माणसाने माझी रेघ नाही, माझं डोकं किती रिकामं आहे ते बघितलं.

पोट: लिहिण्यासारखं नाही.

१६ जून

सकाळी बाईंना जाऊन सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. त्या चादर घडी करत होत्या. घडी पूर्ण केली, ढिगावर ठेवली, हात पुसले.

"म्हणजे तुम्ही दाखवलंत."

"हो."

"कुणी विचारलं म्हणून?"

"त्यांनी माझ्या छायेची तारीफ केली म्हणून."

मला वाटलं त्या ओरडतील. त्या म्हणाल्या, "यंत्र त्यांनी केलं तरी हात वाचतीलच. पण ते करणार नाहीत. पेटंट घेऊन पेटीत ठेवतील. फळी लावली तर त्यांची जुनी यंत्रं कोण घेईल? म्हणून तर मी आधी त्यांच्याकडे न जाता तुमच्याकडे आले होते." मग म्हणाल्या, "या आता. काम आहे."

धाकटीने एरवीसारखी हाक मारली नाही. तिने दार लावून घेतलं, तेही तिच्या त्या तीन बोटांच्या हाताने.

२ जुलै

इतके दिवस लिहिलं नाही. साहेबांना विचारायचं धाडस आज केलं. "दोन माणसांना एकच कल्पना सुचू शकते," ते म्हणाले आणि नेहमीचा समजल्यासारखा चेहरा केला. "त्या बाईंचं काम आपण सोडलंय. तुम्ही टोपीची दुसरी आवृत्ती घ्या. आता ती शिट्टीही वाजवते."

मी टोपी घेतली. भेकड आहे मी. आक्काच्या नजरेला नजर देता येत नाही.

५ जुलै

आक्काने मला जेवताना धरलं. "त्या बाईंनी स्वतःच हरकत घेतलीय, वकिलाविना. लाँड्रीत गेले होते मी पडदे द्यायला. पुरावा मागितलाय कचेरीने, आणि त्यांच्याकडे आहेत दोन लाटणी."

मी म्हटलं, पुरावा माझ्या वहीत आहे. कोणत्या दिवशी कोणी काय पाहिलं, सगळं तारखेनिशी.

"मग दे."

"आक्का, त्यात खासगी आहे!"

"खासगी कसलं? गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

आक्का पाणी आणायला उठली. तांब्या भरलेलाच होता.

६ जुलै

राजीनामा दिला. साहेब म्हणाले, साक्ष दिलीत तर या शहरात कोणी तुम्हाला रेघ मारायला देणार नाही. मी म्हटलं, असेल. राजीनाम्यावरची सही माझी वाटत नव्हती. साहेबांनी दोनदा करायला लावली.

तिथून लाँड्रीत गेलो. दारातूनच सांगितलं की मी साक्ष देईन, वही दाखवीन. बाईंनी एवढंच विचारलं, "नोकरी?" मी मान हलवली. त्यांनी एक स्टूल पुढे सरकवलं. मी बसलो.  निघताना धाकटी म्हणाली, "पट्टा पुन्हा सैल झालाय, पट्टीवाले. तुम्ही घट्ट केल्यापासून जास्तच."

२० ऑगस्ट

आज सुनावणी झाली. नीट लिहितो, कारण उद्या मला यातलं निम्मं खरं वाटणार नाही.

पेटंट कचेरीतली लांब खोली. टेबलाच्या एका बाजूला कारखानदार आणि त्यांच्यातर्फे आमचे साहेब. दुसऱ्या बाजूला बाई, धाकटी, आणि मी. आक्का मागच्या बाकावर. तिला कोणी बोलावलं नव्हतं. मध्ये अधिकारी, जाड भिंगांचा चष्मा, चेहऱ्यावर काहीच नाही.

माझा बेत होता की २० फेब्रुवारीचं पान तेवढं दाखवायचं. साहेब लगेच उठले. "एक पान कोणीही मागाहून लिहील. ही साक्ष बनावट आहे."

अधिकारी म्हणाले, "बरोबर. सगळी वही द्या."

माझी पाचावर धारण बसली. पण दिली. ते पहिल्या पानापासून वाचू लागले, मोठ्याने, बाजारभाव वाचावेत तशा सुरात.

"'पोट: जळजळ, शिवाय गुरगुर.' हे काय आहे?"

"प्रकृती, साहेब."

"'साहेबांना यंत्रातलं ओ की ठो कळत नाही.' कोणते साहेब?"

मी बोट दाखवलं. आमच्या साहेबांचा समजल्यासारखा चेहरा पहिल्यांदाच कुठेतरी गेला.

पुढचं पान. "'फक्त बाईंच्या कपाळावर वाफेने एक बट चिकटली होती, त्यामुळे खिट्टीमागचा स्क्रू किती लांब ते विचारायचं राहिलं.'" त्यांनी मान वर केली. "स्क्रूची लांबी मिळाली का?"

"हो. दुसऱ्या दिवशी. अर्धा इंच."

"एका स्क्रूसाठी दुसऱ्या दिवशी गेलात?"

"हो."

"आणि तिसऱ्या दिवशी फळीसाठी."

"लाकूड फुगतं, साहेब."

मागच्या बाकावरून आक्काचा खोकला आला. मी टेबलाच्या लाकडाकडे बघत होतो. ते फुगत नव्हतं. बाईंकडे बघायची छाती नव्हती.

मग २० फेब्रुवारी. "'कारखानदार सज्जन माणूस आहेत.'" कारखानदारांनी मान डोलवली. "'जाताना त्यांनी शर्टाच्या कफवर पेन्सिलीने काही टिपून घेतलं.'" डोलणारी मान थांबली आणि त्यांनी कोटाची बाही खाली ओढली, जणू तो कफ आजही अंगावरच होता. अधिकाऱ्यांनी ते पाहिलं.

साहेब म्हणाले, "हे सगळं रचलेलं आहे."

अधिकाऱ्यांनी वही मिटली. "वकीलसाहेब, खोटी वही लिहिणारा माणूस स्वतःला थोडा तरी शहाणा दाखवतो. या गृहस्थांनी तेवढीही संधी घेतलेली नाही."

लोक हसले. मीही हसलो, कारण दुसरं काय करणार.

मग ते कारखानदारांना म्हणाले, "फळी समोरच का? बाजूला का नाही?"

"समोर... दिसायला ठीक वाटते."

तोच प्रश्न बाईंना. बाई उठल्या. धाकटीचा हात धरून त्यांनी तो टेबलावर ठेवला, तीन बोटांचा. "ही माझ्यापासून हातभर अंतरावर होती. मी हिला मागे ओढत होते, यंत्र पुढे ओढत होतं, आणि यंत्र जिंकलं. नंतर कितीतरी दिवस मी त्याच जागी उभी राहून बघत होते की ओढलं गेल्यावर माणसाचं काय पुढे येतं. आधी छाती येते, साहेब. म्हणून फळी समोर."

नंतर कोणी हसलं नाही. अधिकारी म्हणाले, निकाल पत्राने कळेल.

बाहेर पायऱ्यांवर बाई माझ्या शेजारून उतरत होत्या. मी म्हटलं, "वाचलं गेलं त्याबद्दल माफ करा. मला त्यात तसं काही म्हणायचं नव्हतं."

"कसं काही?"

मी चष्मा पुसू लागलो. त्या म्हणाल्या, "नव्हतं म्हणायचं तर मग मला वाईट वाटेल," आणि भराभर पुढे गेल्या. हे वाक्य मी घरी येऊन तीनदा लिहून पाहिलं. अर्थ नीट लागत नाही. आक्काला विचारलं तर ती म्हणाली, "देवा, याला कुणीतरी आकृती काढून द्या."

१५ सप्टेंबर

निकाल: कारखानदारांचा अर्ज फेटाळला. कल्पना बाईंकडून घेतलेली ठरली. पेटंट बाईंच्या नावे.

धाकटीने पत्र तीनदा वाचून घेतलं माझ्याकडून. बाई म्हणाल्या, "बरं," आणि आतल्या खोलीत गेल्या. बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. धाकटी म्हणाली, जाऊ नका, रडू दे तिला, दोन वर्षांत रडली नाही ती.

मी इस्त्रीच्या खोलीत खिडकीजवळ टेबल टाकलंय. बाईंनीच जागा दिली. रेघ मारायला कोणी देणार नाही असं साहेब म्हणाले होते, पण काल टोपीवाले संशोधक स्वतःहून शोधत आले. साहेबांपेक्षा माझं त्यांच्या टोपीवर जास्त प्रेम आहे, असं त्यांना पहिल्यापासून वाटायचं म्हणे.

४ ऑक्टोबर

आज बाईंच्या पेटंटाप्रमाणे बनवलेलं पहिलं यंत्र आलं. एका दुसऱ्या, छोट्या कारखान्याने तयार केलंय. ओतीव लोखंडाचे पाय, जाड रूळ, आणि समोर बाईंची फळी. चाचणी कोणी घ्यायची? मी पुढे झालो. बाई पुढे झाल्या. धाकटी म्हणाली, "सरका दोघंही."

दोन वर्षं ती पिळण्याच्या खोलीत पाऊल ठेवत नव्हती. तिने ओली चादर घेतली आणि तोच हात चादरीबरोबर रुळांत घातला. यंत्राने तिला ओढलं. बाईंनी माझा दंड धरला, इतका घट्ट की अजून खूण आहे. धाकटी फळीवर आदळली, खिट्टी सुटली, रूळ वर उडाला. तिने हात बाहेर काढला आणि बोटं मोजली. "होती तेवढी आहेत," ती म्हणाली. मग पुन्हा घातला. मग पुन्हा. चौथ्यांदा ती हसत होती आणि तोंड पुसत होती.

मला वाटलं, आता बोलायचं नाही तर कधीच नाही. आठवडाभर आरशासमोर वाक्यं जुळवली होती. मी म्हटलं, "बाई, एक विचारायचं होतं."

"माहिती आहे. आक्का काल येऊन गेल्या."

"कशाला?"

"तुम्हाला वेळ लागेल म्हणाल्या. म्हणून त्यांनीच विचारलं. मी हो म्हटलंय."

मी खिशातली पट्टी काढून परत ठेवली. 

"पण तुम्हीही विचारा," बाई म्हणाल्या. "मला ऐकायचंय."

मी विचारलं. इंजिन धडधडत होतं. "काय?" त्या म्हणाल्या. मी पुन्हा, जमेल तेवढ्या जोराने विचारलं. नेमकं तेव्हाच धाकटीने जाऊन इंजिन बंद केलं होतं, त्यामुळे बाईंबरोबर सगळ्या लाँड्रीने ऐकलं, आणि रस्त्यावरच्या दोन माणसांनीही.